लग्नाची व्याख्या नक्की किती जुनी?

समलिंगी लग्नावर वाद सुरू झाला की कुणीतरी म्हणतंच, लग्न म्हणजे एक पुरुष नि एक स्त्री, हे अनादी काळापासून चालत आलंय. पण हे वाक्य कायद्यात शोधायला गेलं की आपण येऊन थांबतो १८६६ च्या एका इंग्लिश निकालावर, हाइड विरुद्ध हाइड. गंमत म्हणजे त्या केसचा समलिंगी जोडप्यांशी काडीचा संबंध नव्हता! हाइड हा मॉर्मन पंथ (त्या काळी अनेक बायका करायची मुभा देणारा अमेरिकेतला ख्रिस्ती पंथ) सोडलेला माणूस, लग्न अमेरिकेतल्या यूटामध्ये झालेलं, याने पंथ सोडल्यावर बायकोने दुसरं लग्न केलं म्हणून हा इंग्लंडच्या कोर्टात घटस्फोट मागायला आला. जज लॉर्ड पेन्झन्स म्हणाले, जिथे अनेक बायका करायची मुभा आहे तिथलं लग्न आम्ही लग्न धरत नाही (याला बायको एकच होती तरी), आणि मग व्याख्या सांगितली: एक पुरुष, एक स्त्री, स्वेच्छेने, जन्मभरासाठी, बाकी सगळ्यांना वगळून. आता "जन्मभरासाठी" हे कोण म्हणतंय, तर घटस्फोटाच्याच कोर्टाचा जज.

त्या काळी इंग्लंडात बायको झाली की तिची मिळकत नवऱ्याच्या ताब्यात, ते १८८२ च्या कायद्याने बदललं. मला वाटतं खरा बदल हाच. नवरा मालक आणि बायको ताब्यातली, हे कायद्यातून जसजसं गेलं तसं दोघांपैकी पुरुष कोण नि बाई कोण याने कायद्याला फारसा फरकच पडेना. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात समलिंगी लग्नाच्या २०१५ च्या सुनावणीत जस्टिस गिन्सबर्ग यांनी साधारण हाच मुद्दा काढला होता.

मधला प्रवास थोडक्यात. डेन्मार्कने १९८९ मध्ये "नोंदणीकृत पार्टनरशिप" आणली, लग्न हा शब्द टाळून, मूल दत्तक घ्यायचा हक्क न देता. नेदरलँड्सने १ एप्रिल २००१ पासून सरळ लग्नच म्हटलं. उलट अमेरिकेने १९९६ मध्येच केंद्राच्या कायद्यात स्त्री-पुरुष अशी व्याख्या लिहून टाकली होती, म्हणजे जी गोष्ट सगळ्यांना माहीतच आहे म्हणत होते ती लिहायची वेळ आली, कारण हवाईच्या कोर्टात तेव्हा उलटा निकाल लागेलसं दिसत होतं. पुढे एडिथ विंडसर यांची जोडीदार वारली, दोघींचं लग्न टोरांटोत रीतसर झालेलं, तरी या व्याख्येमुळे त्यांना ३,६३,०५३ डॉलर वारसा कर भरावा लागला. त्या कोर्टात गेल्या, २०१३ मध्ये जिंकल्या आणि ती व्याख्या रद्द झाली, २०१५ मध्ये देशभर समलिंगी लग्नाला मान्यता.

ऑस्ट्रेलियाचं तर अजूनच भारी. २००४ मध्ये त्यांनी पेन्झन्स साहेबांचीच व्याख्या जवळजवळ शब्दशः कायद्यात घातली, २०१७ मध्ये "पुरुष आणि स्त्री" काढून "दोन व्यक्ती" केलं. "जन्मभरासाठी" मात्र तसंच ठेवलंय, १९७५ च्या कायद्याने कुणाचा दोष न दाखवता घटस्फोट मिळतो त्या देशात.