सार, कट व कढण (बडोद्याच्या मराठी घरांतील)

सार, कट व कढण : डाळ, कडधान्य, ताक, फळ किंवा मांस यांचा शिजवताना वा धुताना उतरलेला रस न टाकता त्याला आंबट, मसाला व फोडणी देऊन केलेले पातळ पदार्थ. हे पदार्थ वाटीने पितात, भातावर घेतात किंवा भाकरी कुस्करून खातात. हॉटेलातील सूप जेवणाआधी भूक चाळवण्यासाठी देतात, तर सार व कढण जेवणाच्या मध्यभागी असतात आणि भाताला ओलावा देऊन साध्या धान्याचे पोटभर जेवण करतात. म्हणून घरगुती सुपाची ही मराठी परंपरा निराळी समजावी लागते. बडोद्यात, म्हणजे आजच्या वडोदऱ्यात, हिला शेजारच्या गुजराती स्वयंपाकाची जोड मिळाली असून दोन्हीकडची मूळ वृत्ती एकच आहे: शिजलेल्या डाळीचे पाणी मोरीत जाऊ द्यायचे नाही.

अठराव्या शतकात गायकवाडांच्या सत्तेबरोबर देशस्थ, कोकणस्थ, कायस्थ प्रभू व मराठा कुटुंबे या शहरात आली आणि दांडिया बाजार व रावपुरा या भागांत स्थिरावली. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० मध्ये गुजरात राज्य झाले, तरी ही घरे तिथेच राहिली. त्यांच्या स्वयंपाकात गोडा मसाला व आमसूल टिकून राहिले आणि गुजराती घरांतली रात्रीची खिचडी-कढीही सहज रुळली. कढीपत्त्याला जुन्या मराठीत ‘गोडलिंब’ म्हणतात व गुजरातीत ‘मीठो लीमडो’. दोन्ही नावांचा अर्थ एकच असल्याने भाजीवाल्याकडे मागताना अडचण येत नाही.

नावांतील भेद घरोघरी थोडे बदलतात, तरी साधारण वापर असा आहे. आमसूल, टोमॅटो, कैरी किंवा आंबा यांचा पातळ, आंबटगोड रस म्हणजे सार; कर्नाटकातील ‘सारू’ याच कुळातला आहे. मूग किंवा कुळीथ भरपूर पाण्यात शिजवून केलेले पातळ पेय म्हणजे कढण, आणि त्याच कडधान्याचे वरचे निवळ पाणी म्हणजे कळण. पुरणासाठी शिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे पाणी तो कट. आयुर्वेदात मंड, पेया, विलेपी व यूष असे द्रव अन्नाचे प्रकार पाण्याच्या प्रमाणावरून वेगळे केलेले आहेत, आणि मंडासाठी तांदळाच्या चौदापट पाणी सांगितले आहे. आजारातून उठलेल्या माणसाला पहिल्यांदा मुगाचे कढण देण्याचा घरगुती रिवाज याच परंपरेत बसतो.

या दोन स्वयंपाकघरांचे नाते होळीच्या दिवशी सर्वांत स्पष्ट दिसते. मराठी घरात पुरण हरभऱ्याच्या डाळीचे असते, म्हणून खाली कट उरतो; गुजराती घरात वेडमीचे, म्हणजे तिथल्या पुरणपोळीचे, पुरण बहुधा तुरीच्या डाळीचे असते, म्हणून तिथे उरते ते ओसामण. कटाची आमटी करताना डाळ नेहमीपेक्षा जास्त पाण्यात शिजवून चाळणीवर निथळतात, खालच्या पाण्यात दोन चमचे पुरण कालवतात, भाजलेले सुके खोबरे, लवंग, दालचिनी व गोडा मसाला घालतात आणि चिंचेचा कोळ व गूळ घालून उकळी आणतात. आमटी उकळताना भांड्याच्या कडेला तपकिरी तवंग धरू लागला म्हणजे मसाला मिळून आला असे समजतात. ओसामणाची रीत याहून हलकी आहे: जिरे, हिंग, लवंग, गोडलिंब यांची फोडणी, लिंबू किंवा कोकम व किंचित गूळ. पुरणासारख्या जड पक्वान्नानंतर ओसामण पोटाला अधिक मानवते, आणि कटाचा खरा स्वाद दुसऱ्या दिवशी भातावर कळतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

रोजच्या जेवणात पोट भरणारा प्रकार म्हणजे वरणफळ, ज्याला काही घरांत चकोल्या म्हणतात. गुजरातीत हीच दाळढोकळी. कणकेत थोडे बेसन, हळद, तिखट, ओवा व तेल घालून घट्ट भिजवतात, पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापतात आणि खळखळ उकळणाऱ्या पातळ वरणात एकेक करून सोडतात. उकळी मंदावली असताना किंवा सगळे तुकडे एकदम सोडले तर त्यांचा गोळा होतो. कणकेतले पिष्ट रसात उतरून वरण दाट होते, म्हणून सुरुवातीला ते डोळ्यांना पाणचट वाटावे इतके पातळ ठेवावे लागते. नव्याने शिकणाऱ्याची चूक बहुतेक वेळा इथेच होते. बारा-पंधरा मिनिटांनी तुकडा मधून मोडल्यावर पांढरी कच्ची रेघ दिसली नाही की तो शिजला. दाळढोकळीत शेंगदाणे, कोकम व गूळ, तर वरणफळात गोडा मसाला व चिंच ही मूळची वाटणी. बडोद्याच्या मराठी घरांत मात्र शेंगदाणे वरणफळातही आढळतात. वर साजूक तूप घेतले की रात्रीच्या जेवणाला दुसरे काही लागत नाही.

हिवाळ्यात खंडेराव मार्केटमध्ये ओल्या तुरीच्या शेंगा, पापडी व हिरवा लसूण येतो. सोललेले तुरीचे दाणे, ज्यांना गुजरातीत लीलवा म्हणतात, तेलावर परतून भरड वाटले आणि हिरवी मिरची, आले व लसणाच्या पातीसह शिजवले की दाट हिरवी आमटी होते. ती बाजरीच्या भाकरीबरोबर खातात. बाजरीच्या पिठाची गूळ-सुंठ घातलेली राब ही गुजराती घरांतून आलेली हिवाळी देणगी आहे. कुळथाचे, म्हणजेच हुलग्याचे, लसूण घातलेले कढण व शेंगोळे या मात्र देशावरच्या गोष्टी.

उन्हाळ्यातले खास सार आंब्याच्या बाठ्यांचे. आमरस काढून झाल्यावर बाठे व साली थोड्या पाण्यात हाताने चोळून धुतात; बोटांना रेषा लागेनाशा झाल्या व पाणी पिवळसर झाले की ते गाळून त्यात किंचित तांदळाची पिठी, गूळ, मीठ व मिरची घालतात आणि तुपात जिऱ्याची फोडणी देतात. गुजराती फजेतो याचाच सख्खा भाऊ, फक्त त्यात ताक व बेसन असते.

ताकाच्या पदार्थांत बेसनाचे काम केवळ दाटपणाचे नसते. आंबट ताक तापले की त्यातील केसिन या प्रथिनाच्या गुठळ्या होतात व पाणी वेगळे पडते. बेसनातील पिष्ट त्या गुठळ्यांना एकत्र येऊ देत नाही. एक लिटर ताकाला दोन मोठे चमचे बेसन आधी थोड्या ताकात कालवून घ्यावे, मंद आचेवर सतत ढवळत पहिली उकळी आणावी आणि मीठ शेवटी घालावे. गुजराती कढी गोडसर, मराठी कढी आले-मिरचीची. बडोद्यात गूळ किती घालायचा याचे उत्तर प्रत्येक घर स्वतः ठरवते. नारळाच्या दुधाचा कोणताही रस मात्र जोरात उकळू नये, तो फुटतो.

डाळीच्या बाबतीत एक नियम पाळला पाहिजे. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो डाळ पूर्ण शिजल्यावरच घालावेत, कारण आंबटामुळे दाण्यातील पेक्टिन, म्हणजे त्याच्या पेशी जोडून ठेवणारा पदार्थ, विरघळत नाही आणि डाळ तासभर उकळली तरी बोटचेपी होत नाही. पाणी जड, म्हणजे क्षारयुक्त, असले तरी असेच होते. कुकरमध्ये पाण्याचा उत्कलनांक सुमारे १२० अंश सेल्सियसपर्यंत चढतो, म्हणून तीच डाळ काही मिनिटांत मऊ होते.

मराठा घरांत मटण शिजवताना तिखट-मसाला पडण्यापूर्वी काढलेल्या पाण्याला अळणी म्हणतात. त्यात मीठ, हळद, आले व लसूण असते, तरी नाव अळणीच. हाडांसकट मटण मंद आचेवर दोन-तीन तास शिजले म्हणजे त्यातील कोलॅजन या चिवट प्रथिनाचे जिलेटिन होते, म्हणून चांगले अळणी गार झाल्यावर थरथरते. मुलांना व अशक्त माणसांना ते वाटीभर देऊन मगच उरलेल्यातून रस्सा करतात.

रस्सा पिण्याची ही सवय शहराच्या रस्त्यावरही आली आहे. बडोद्याच्या सेवउसळीचे नाव मराठी असले तरी तिचा वाटाण्याचा रस्सा मराठी घरातल्या उसळीपेक्षा पुष्कळ पातळ असतो. तिखट तरी वेगळी मिळते, वरून सेव व कांद्याची पात घालतात आणि पाव त्यात बुडवून खातात. घरी ती करताना पांढरे वाटाणे रात्रभर भिजवून शिजवतात आणि निम्मे दाणे ठेचून त्याच पाण्यात परत घालतात, त्यामुळे पिठाची गरज न पडता रस्सा मिळून येतो.