४,२९,४९,६७,२९७ (पाचवी फर्मा संख्या)

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. २^३२ + १ अशी ही विषम संख्या. द्विमान पद्धतीत दोन्ही टोकांना १ आणि मधे ३१ शून्ये. ती गाजली मात्र मूळ संख्या नाही म्हणून.

२ चा घातांक १, २, ४, ८, १६ घेऊन त्या घातात १ मिळवला, की ३, ५, १७, २५७, ६५५३७ मिळतात. पाचही मूळ. पुढच्याही सगळ्या मूळच असतील, असे फ्रेंच गणिती प्येर द फर्मा याने १६४० साली पत्रातून कळवले. क्रमांक शून्यापासून मोजल्यास प्रस्तुत संख्या पाचवी, आणि अंदाज नेमका इथेच फसला. १७३२ मध्ये स्विस गणिती लेओनहार्ड ऑयलरने तिला ६४१ ने भाग जातो हे दाखवले:

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

दोन्ही अवयव मूळ आहेत. भागाकार न करताही हे पटवता येते. ६४१ म्हणजे ५ × २^७ + १, तसेच ५^४ + २^४. पहिल्या रूपावरून, ६४१ ने भागल्यास ५ × २^७ ची बाकी −१. चौथा घात केला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्या रूपामुळे ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येतो. मग −२^३२ ची बाकी १ येते, अर्थात २^३२ + १ ला ६४१ ने नि:शेष भाग जातो. एवढी छोटी आणि देखणी सिद्धता क्वचितच सापडते.

६४१ शोधणेही फार अवघड नव्हते. या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव ६४क + १ या रूपाचा असावा लागतो, हे ऑयलरने पुढे सिद्ध केले. त्या यादीतल्या मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि लगेच ६४१. खुद्द फर्माच्या लघु प्रमेयानेही काम भागले असते: मूळ संख्येने भाग न जाणाऱ्या पायाचा तिच्याहून एकाने कमी इतका घात घेतला, की तिने भागल्यावर बाकी १ उरते. ते त्याने १६४० सालीच कळवले होते. पाया २ घेतला तर संख्या कसोटीतून सहीसलामत सुटते, कारण २^६४ ची बाकी १ येते आणि कसोटीचा घातांक २^३२ हा ६४ च्या पटीत आहे. पाया ३ घेऊन ३२ वेळा वर्ग करत गेल्यास मात्र बाकी १ ऐवजी ३०२९०२६१६० उरते. हातानेही होण्याजोगी आकडेमोड होती ही.

विभाजक चारच, त्यांची बेरीज ४३०१६६८३५६. दोन वर्गांची बेरीज म्हणून ती दोन तऱ्हांनी मांडता येते: ६५५३६² + १² आणि ६२२६४² + २०४४९². मूळ संख्येला अशी फार तर एकच मांडणी असते, तेव्हा ती संयुक्त असल्याचा हा आणखी एक पुरावा.

कंपास आणि खुणा नसलेल्या पट्टीने इतक्या बाजूंचा सुसम बहुभुज काढता येत नाही. दोन बाजू कमी केल्या की येतो: ४२९४९६७२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. विषम बाजूंच्या अशा बहुभुजांत हा आजवर ज्ञात असलेला सर्वांत मोठा.