पवनऊर्जा प्रकल्पांचे पर्यावरणीय परीक्षण व लोकसहभाग (खानदेश)

पवनचक्क्यांचा समूह उभारण्यापूर्वी त्याचा जमीन, जंगल, पाणी, वन्यजीव आणि वस्ती यांवर काय परिणाम होईल याची केलेली तपासणी आणि त्या तपासणीच्या ओघात स्थानिक लोकांनी मांडलेल्या हरकती, सूचना व संमती यांची रीतसर नोंद, या दोहोंचा समावेश पर्यावरणीय परीक्षणात होतो. खानदेशात, म्हणजे धुळे, नंदुरबार व जळगाव या जिल्ह्यांत, या विषयाला महत्त्व आले ते २००० नंतरच्या दशकात साक्री तालुक्यातील डोंगरपठारांवर शेकडो पवनचक्क्या उभ्या राहिल्यामुळे. भारतीय कायद्याने पवनऊर्जा प्रकल्पाला पर्यावरणविषयक जनसुनावणी सक्तीची केलेली नाही. त्यामुळे लोकांचे म्हणणे नोंदले जाण्याची खरी जागा येथे ग्रामसभा ही आहे, आणि ग्रामसभा कधी भरते, तिला कोण हजर असते व तिच्यापुढे कोणते कागद ठेवले जातात, यांवरच परीक्षणाचा कस ठरतो.

साक्री तालुक्याच्या पश्चिम भागात सह्याद्रीचे फाटे तापीच्या खोऱ्याकडे उतरत जातात. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे या उघड्या माथ्यांवरून जोराने वाहतात. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते. म्हणून विकासकाला नेमकी माथ्यावरचीच जागा हवी असते आणि थोडे खाली सरकणेही त्याला परवडत नाही. ब्राह्मणवेल परिसरातील समूह देशातील मोठ्या पवनऊर्जा समूहांत गणला जातो. परंतु याच डोंगरांतून पांझरा, कान व बुराई या नद्यांना पाणी मिळते, याच पठारांवर गावांची गुरे चरतात आणि याच उतारांवर कोकणा व भिल्ल कुटुंबे पिढ्यानपिढ्या नागली, भगर व भात पिकवत आली आहेत. वाऱ्याची जागा आणि उपजीविकेची जागा एकच असणे, हे येथील बहुतेक वादांचे मूळ आहे.

भारतात प्रकल्पांच्या पर्यावरणीय प्रभाव मूल्यांकनाची अधिसूचना प्रथम २७ जानेवारी १९९४ रोजी निघाली, १९९७ मध्ये तिच्यात जनसुनावणीची तरतूद आली आणि १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने तिची जागा घेतली. २००६ च्या अधिसूचनेत छाननी, व्याप्तिनिश्चिती (म्हणजे काय काय तपासायचे ते ठरवणे), लोकविचारविनिमय आणि मूल्यमापन असे टप्पे आहेत. लोकविचारविनिमयासाठी मूल्यांकन अहवालाचा मसुदा व स्थानिक भाषेतील सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद व पंचायत संस्था अशा ठिकाणी ठेवावा लागतो. सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी वृत्तपत्रांतून द्यावी लागते. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ सुनावणीची व्यवस्था पाहते आणि जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हादंडाधिकाऱ्याच्या दर्जापेक्षा कमी नसलेला त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतो. कामकाजाचे चित्रीकरण होते, इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवले जाते आणि उपस्थित झालेल्या मुद्द्यांना अंतिम अहवालात उत्तर देणे प्रकल्पचालकावर बंधनकारक असते. सुनावणी म्हणजे मतदान नव्हे, आणि तिच्यासाठी गणपूर्तीची अटही नाही. तरीही गावकऱ्याने विचारलेला प्रश्न सरकारी कागदावर येतो व त्याचे उत्तर मागता येते, ही तिची ताकद आहे.

या अधिसूचनेच्या अनुसूचीत औष्णिक, जलविद्युत व अणुविद्युत प्रकल्प आहेत, पवनऊर्जा मात्र नाही. पुढे २०१६ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांचे प्रदूषणानुसार फेरवर्गीकरण केले तेव्हा पवनऊर्जेला ‘पांढऱ्या’, म्हणजे जवळजवळ प्रदूषण न करणाऱ्या उद्योगांच्या, वर्गात टाकण्यात आले आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्राच्या प्रक्रियेतूनही ती सुटली. परिणाम असा की भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्राचा विस्तार करायचा तर जनसुनावणी घ्यावी लागते, पण साक्रीच्या डोंगरावर कितीही मेगावॅटचा पवनचक्की समूह उभारायचा असला तरी त्या स्वरूपाची एकही सुनावणी होत नाही. साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथील महानिर्मितीच्या १२५ मेगावॅट सौर प्रकल्पासारख्या प्रकल्पांनाही हीच सूट लागू आहे. सवलतीमागचा हेतू समजण्यासारखा आहे. पवनचक्कीतून धूर निघत नाही, राख उरत नाही, वीजनिर्मितीला पाणी लागत नाही, आणि दीपनगरच्या राखेचा त्रास सोसलेल्या गावांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. पण हवेचे प्रदूषण होत नाही एवढ्यावरून जमिनीवर परिणाम होत नाही असे ठरवणे चुकीचे आहे, आणि कायद्याने नेमके तेच केले आहे.

जमीन वनखात्याची असेल तर चित्र बदलते. वन (संवर्धन) अधिनियम, १९८० नुसार वनजमीन वनेतर कामासाठी वळवण्यास केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. वनहक्क कायदा २००६ मध्ये संमत झाला. त्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाचा हक्क मान्य होतो, आणि पडताळणी पूर्ण होईपर्यंत त्याला तेथून हटवता येत नाही. साक्री व नंदुरबारच्या वनजमिनींवर पवनचक्क्या आल्या त्या याच वर्षांच्या आगेमागे. ज्या उतारावर एखादे कुटुंब आपला वनदावा सिद्ध करण्यासाठी पुरावे गोळा करत होते, त्याच उताराचे सर्वेक्षण पवनचक्कीच्या पायासाठी होत होते. ३ ऑगस्ट २००९ रोजी केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने परिपत्रक काढून वनजमीन वळवण्याच्या प्रस्तावाला वनहक्कांची प्रक्रिया पूर्ण झाल्याचा दाखला आणि संबंधित ग्रामसभांची संमती जोडणे आवश्यक केले, व अशा ग्रामसभेला निम्म्या सभासदांच्या उपस्थितीची अट घातली. तोपर्यंत साक्रीच्या माथ्यांवरील अनेक यंत्रे फिरू लागली होती.

नंतरच्या काळात ही अट दोन्ही बाजूंनी सैल झाली. ५ फेब्रुवारी २०१३ च्या पत्राने रस्ते, कालवे व पारेषण वाहिन्या यांसारख्या रेषीय प्रकल्पांना ग्रामसभेच्या संमतीतून सर्वसाधारणपणे वगळण्यात आले. म्हणजे पवनचक्कीच्या पायासाठी संमती हवी, पण तिची वीज वाहून नेणाऱ्या वाहिनीसाठी नको, अशी स्थिती निर्माण झाली. २०२२ च्या वन (संवर्धन) नियमांनी वनहक्कांची पूर्तता तपासण्याचे काम केंद्राच्या मंजुरीनंतरच्या टप्प्यावर, राज्य सरकारकडे सोपवले. मंजुरी आधीच मिळालेली असताना घेतलेली संमती कितपत मोकळी राहील, हा प्रश्न येथे उरतोच.

धुळे जिल्ह्यातील साक्री व शिरपूर या तालुक्यांचा काही भाग, नंदुरबार जिल्ह्याचा बहुतांश भाग आणि जळगावातील चोपडा, यावल व रावेर तालुक्यांतील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे अशा क्षेत्रातील ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा व महाराष्ट्राचे २०१४ चे पेसा नियम लागू आहेत, आणि पाड्यालाही स्वतंत्र ग्रामसभेचा दर्जा मिळू शकतो. खाजगी जमिनीच्या बाबतीत महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ महत्त्वाचे आहे, कारण आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीकडे हस्तांतरित करण्यास जिल्हाधिकाऱ्याची परवानगी व शासनाची पूर्वमान्यता लागते. याउलट बिगर आदिवासी शेतकऱ्याची जमीन विकासक थेट खरेदीखताने किंवा भाडेपट्ट्याने घेतो. सरकारने संपादन केलेले नसल्यामुळे २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील सामाजिक परिणाम मूल्यांकन तेथे होत नाही. व्यवहार गटागटाने होतात, मध्यस्थ गावोगाव हिंडतो, आणि शेजारच्या शेतकऱ्याला काय भाव मिळाला हे एकमेकांना कळत नाही. दोंडाईचाजवळील विखरण परिसरात वीज प्रकल्पासाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यातील तफावतीचा प्रश्न २०१८ मध्ये राज्यभर गाजला. तो प्रकल्प पवनऊर्जेचा नव्हता, पण मोबदल्याची माहिती उघड नसली की काय होते हे त्याने खानदेशाला दाखवून दिले.

ग्रामसभेच्या तारखेचा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही, तरी येथील अनुभवात तो सर्वांत मोठा आहे. साक्री, नवापूर व नंदुरबार तालुक्यांतील अनेक आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. त्यांतली पुष्कळशी होळीला काही दिवस गावी येतात आणि पुरती परततात ती पावसाच्या तोंडावर. साक्री परिसरातील ठेलारी मेंढपाळ वर्षातला मोठा काळ कळप घेऊन बाहेर असतात व पावसाळ्यात गावाकडे फिरतात. पवनचक्की ज्या माळावर येते तो माळ सर्वांत जास्त वापरणारे लोक हेच. जानेवारी-फेब्रुवारीत घेतलेल्या ग्रामसभेचा ठराव कागदोपत्री निर्दोष असू शकतो आणि तरीही ज्यांचा माळ त्यांच्यापैकी कोणीच तेथे नसते. ठेलाऱ्यांच्या नावावर तर बहुधा त्या माळाचा सातबाराही नसतो. त्यांचा चराईचा हक्क वहिवाटीचा असतो. वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा ऋतुमानानुसार चराईचा हक्क सामूहिक हक्क म्हणून मान्य केला आहे, म्हणून त्यांना बोलावल्याशिवाय केलेला विचारविनिमय अपुराच मानावा लागतो. सभा होळीच्या सुमारास किंवा पेरणी आटोपल्यावर घेणे, तिची दवंडी पाड्यापाड्यांवर देणे आणि प्रस्तावाची माहिती प्रमाण मराठीबरोबर अहिराणी, कोकणी (कोकणा समाजाची बोली) व भिली बोलींतही समजावून सांगणे यासाठी खर्च फारसा येत नाही, पण उपस्थिती व समज या दोन्हींत मोठा फरक पडतो.

परीक्षणात काय तपासावे याविषयी सर्वसाधारण समज पात्यांभोवती फिरते. साक्रीसारख्या डोंगराळ भागात मात्र जमिनीचे मोठे नुकसान रस्त्यांमुळे होते. कित्येक मीटर लांबीचे पाते व अवजड क्रेन माथ्यावर न्यायची तर रुंद, कमी चढाचा आणि मोठ्या वळणांचा रस्ता लागतो. तो काढण्यासाठी उतार कापला जातो, निघालेला मुरूम व दगड बहुधा खालच्या अंगाला लोटला जातो, आणि पहिल्याच जोराच्या पावसात तो ओढ्यात उतरतो. बेसॉल्टच्या या माथ्यांवर मातीचा थर मुळातच पातळ आहे. एकदा गवताची मुळे उघडी पडली की घळी पडत जातात, गाळ खालच्या शेतांत व बंधाऱ्यांत साचतो. पांझरेच्या काठी शतकानुशतके चालत आलेली फड पद्धती लहान बंधाऱ्यांवर व पाटांवर उभी आहे; वरच्या डोंगरातून येणाऱ्या गाळाची किंमत तेथील शेतकऱ्याला मोजावी लागते, आणि त्याचे गाव प्रकल्पाच्या यादीत नसल्याने त्याला कोणी विचारत नाही. म्हणून परीक्षणाचे क्षेत्र गावाच्या शिवेने न ठरवता पाणलोटाने ठरवावे, उत्खनन केलेला माल कोठे टाकणार हे नकाशावर दाखवावे आणि एक पावसाळा उलटल्यावर घळींची पुन्हा पाहणी करावी, ही मागणी तांत्रिक दृष्ट्या रास्त आहे.

वन्यजीवांच्या बाबतीत महाराष्ट्रात चांगला शास्त्रीय आधार उपलब्ध आहे. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी पठारावर झालेला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास असे दाखवतो की पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्ष्यांचे प्रमाण जवळजवळ चौपटीने कमी होते, आणि शिकारी कमी झाल्यामुळे तेथील सरड्यांची संख्या वाढून त्यांचे वर्तनही बदलले होते. म्हणजे परिणाम केवळ पात्यांना धडकून मेलेल्या पक्ष्यांपुरता नसतो. खानदेशाचे वेगळेपण रानपिंगळा या लहान घुबडात आहे. १८८४ नंतर शास्त्रज्ञांना खात्रीने न आढळलेला हा पक्षी नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा सापडला. तो मोकळ्या सागवनात राहतो व दिवसाही वावरतो, त्यामुळे जंगलाचा तुकडा रस्त्याने वा वाहिनीने विभागला जाणे त्याला विशेष बाधक ठरू शकते. सातपुड्याच्या बाजूस नवा प्रस्ताव आला तर यावल व अनेर धरण या अभयारण्यांच्या परिसराचाही विचार करावा लागेल. माळांवर हिवाळ्यात उतरणारे भोवत्यांसारखे स्थलांतरित शिकारी पक्षी उन्हाळ्यातील पाहणीत दिसत नाहीत; म्हणून पाहणी किमान एका पूर्ण वर्षाची असायला हवी.

वस्तीपासूनच्या अंतराचे नियम स्पष्ट आहेत, पण त्यांची माहिती गावापर्यंत क्वचित पोहोचते. केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आवाजाचा त्रास टाळण्यासाठी कोणत्याही राहत्या घरापासून पवनचक्की ५०० मीटरच्या आत असू नये, आणि सार्वजनिक रस्ता, इमारत वा उच्चदाब वाहिनीपासून तिचे अंतर मनोऱ्याची उंची, पात्यांच्या वर्तुळाच्या व्यासाचा निम्मा भाग आणि ५ मीटर यांच्या बेरजेइतके तरी असावे. मनोरा १४० मीटर व व्यास १४४ मीटर असल्यास हे अंतर २१७ मीटर येते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शेतातली झोपडी किंवा खळ्यावरचे घर गावठाणाबाहेर असल्याने ते ‘राहते घर’ मानायचे की नाही, हा वाद खानदेशात वारंवार उद्भवू शकतो. वर्षातले काही महिने तेथे कुटुंब झोपत असेल तर ते राहते घरच मानले पाहिजे.

कायद्याची सक्ती नसताना परीक्षण झाल्याची उदाहरणे बहुधा पैशाच्या वाटेने आली आहेत. २००५ नंतरच्या दशकात खानदेशातील काही प्रकल्पांनी क्योटो या हवामानविषयक करारातील स्वच्छ विकास यंत्रणेखाली (कार्बन उत्सर्जन टाळल्याबद्दल विकता येणारी पतपत्रे देणारी योजना) नोंदणी केली, आणि तिच्या अटींत स्थानिक लोकांची मते मागवणे समाविष्ट होते. आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थाही कर्ज देताना पर्यावरणीय व सामाजिक अहवाल मागतात. अशा अहवालांचा दर्जा चांगला असू शकतो, पण ते धनकोला सादर होतात. ग्रामसभेला ते मागण्याचा हक्क नसतो.

सध्या या विषयाला नवे वळण मिळत आहे. २००० नंतर बसवलेल्या यंत्रांचे साधारण २० ते २५ वर्षांचे आयुष्य संपत आले असून जुनी लहान यंत्रे काढून त्यांच्या जागी मोठी बसवण्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये नवे धोरण जाहीर केले आहे. यंत्रांची संख्या घटेल, पण प्रत्येक यंत्राचे पाते लांब व क्रेन मोठी असल्याने रस्ते पुन्हा रुंद करावे लागतील. जुने काँक्रीटचे पाये उकरून काढायचे की जागीच ठेवायचे, काचतंतूंची पाती कोठे टाकायची, वनजमिनीचा भाडेपट्टा संपल्यावर ती जमीन कोणत्या स्थितीत परत करायची, आणि पहिल्या वेळी ज्यांचे वनदावे प्रलंबित होते त्यांतील आता मान्य झालेल्या कुटुंबांची संमती नव्याने घ्यायची की नाही, हे प्रश्न साक्री तालुक्यातील ग्रामसभांपुढे येऊ घातले आहेत. जुन्या यंत्रांच्या वेळी झालेले ठराव, मोबदल्याच्या पावत्या, वनदाव्यांच्या नोंदी व पंचनामे ज्या गावांनी जपून ठेवले आहेत, त्यांना या वेळी आपले म्हणणे पुराव्यानिशी मांडता येईल.