खो-खोत धावतात किती?

शाळेत खेळाचा तास चांगला होतोय हे कशावरून ओळखायचं, असं मुख्याध्यापकांना विचारलं की बऱ्याच जणांची नजर आधी कपाटातल्या ढालींकडे जाते. ओळखीच्या एका मुख्याध्यापकबाई मात्र म्हणाल्या, "किती पोरं घामेजली, ते बघते मी."

शास्त्र बाईंच्या बाजूने आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या मुलांची रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल व्हावी. मध्यम म्हणजे बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, इतपत धाप. २०१६च्या आकडेवारीनुसार जगातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं तिथवर पोचत नाहीत.

आता आपला खो-खो घ्या. आठ जण चौकात बसलेले, एक पाठलागावर, समोर तिघं पळणारी. म्हणजे दोन्ही संघांचे नऊ-नऊ मिळून अठरा खेळाडूंत एका वेळी धावतात चार! चाळीसच्या वर्गात उरलेली पोरं टाळ्या वाजवतात. खेळ झकास आहे, मी स्वतः वेडा आहे त्याचा. पण वर्गभर धाप लागायला तो पुरत नाही. 'आऊट झालास, बाहेर बस' तर त्याहून वाईट. पहिलं बाद होतं ते बहुधा सगळ्यात सावकाश पोर, आणि हालचालीची गरज त्यालाच जास्त.

बाई फक्कीने चार रिंगणं आखतात. प्रत्येकात दहा जण, लंगडी. मिनिटाला शिट्टी, शिट्टीला नवं राज्य. बाहेर कुणीच बसत नाही.

लंगडी दिसते साधी, पण दर उडीला सगळं वजन एका पायावर येतं. त्या दणक्याने हाड किंचित वाकतं, आतल्या पेशींना तो ताण कळतो आणि तिथे हाड भरू लागतं. वयात येण्याच्या थोडं आधी हाडं अशा ताणाला विशेष दाद देतात. शिवाय तोल सांभाळायची तालीम होते, ती वेगळीच.

अडचण माणसांची आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक आहे, पण सहावी ते आठवीला, तोही पट शंभरावर असेल तरच. पहिली-दुसरीला गणित शिकवणाऱ्या बाईच पदर खोचून शिट्टी फुंकणार.

परवा मुख्याध्यापकबाईंना विचारलं, यंदा ढाल आणणार का? म्हणाल्या, "फक्की संपलीय, आधी ती आणू दे."