पुढचा फोटो नको, मागचा दाखवा

गेल्या महिन्यात माझ्या मामेभावाने, वय २७, हिंजवडीत आयटीत, रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर लागोपाठ तीन पीडीएफ टाकल्या आणि खाली एवढंच, "दादा, यातला कुठला?" मला वाटलं होम लोन असेल. उघडून बघतो तर हेअर ट्रान्सप्लांटची कोटेशनं. पहिलं ४५०० ग्राफ्ट (म्हणजे मागून काढून पुढे लावायचे केसांचे झुपके), एका दिवसात, ग्राफ्टमागे ठरलेला रेट. दुसरं "अनलिमिटेड ग्राफ्ट" पॅकेज, वर पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातून केलेली इंजेक्शनं, फ्री. तिसरं कोटेशनच नव्हतं, डॉक्टरांनी लेटरहेडवर हाताने लिहिलेलं की वर्षभर गोळी आणि मिनॉक्सिडिल (डोक्याला लावायचं औषध), मग परत दाखवा, तेव्हा बहुतेक २००० ते २२०० ग्राफ्ट लागतील.

साहेबांना अर्थातच तिसरा डॉक्टर आवडला नव्हता. "पैसे द्यायला तयार आहे तर घेत नाही म्हणजे काय, कॉन्फिडन्स नसेल त्याला." मी डॉक्टर नाही, ज्युनिअर कॉलेजात बायॉलॉजी शिकवतो, पण केसाचं मूळ हा माझा आवडता विषय आहे, वर्गात पोरं कंटाळतात तिथे मी अजून दहा मिनिटं घेतो. तेव्हा हे त्याला फोनवर दोन तास सांगितलं तेच इथे लिहितोय.

मुळात मागचे केस उपटून पुढे लावले तर ते टिकतात कशाला? टक्कल पुढे पडलंय म्हणजे तिथली जमीन नापीक झालीय, मग तिथे काय लावणार, असं कोणालाही वाटेल. १९५०च्या दशकात न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉरमन ओरेन्ट्राइक यांनी हे सरळ करून बघितलं. कातडीचे छोटे गोल तुकडे काढून अदलाबदल केली, केसवाला तुकडा टकलात आणि टकलाचा तुकडा केसांत. केसवाला तुकडा टकलात गेला तरी त्याच्यावर केस येत राहिले, आणि टकलाचा तुकडा चांगल्या केसांच्या शेजारात नेऊन बसवला तरी टकलाच राहिला. म्हणजे दोष जमिनीत नाही, बियाण्यात आहे. १९५९ मध्ये त्यांनी हे छापलं आणि त्याला नाव पडलं डोनर डॉमिनन्स. (जपानमध्ये ओकुदा नावाच्या डॉक्टरांनी १९३९ मध्येच भाजलेल्या जागी असे तुकडे लावले होते, पण महायुद्धाच्या गडबडीत ते बाहेर कोणाला कळलंच नाही.)

कारण आता माहिती आहे. टेस्टोस्टेरॉनपासून एका एन्झाइममुळे डीएचटी नावाचं जास्त जोरदार हार्मोन बनतं, आणि कपाळावरची आणि टाळूवरची मुळं त्याला हळवी असतात. दर फेरीत केसाचा वाढीचा काळ कमी होतो, केस बारीक होत जातो, शेवटी पीच फळावरची लव असते तेवढाच उरतो. कानाच्या वरून मागे जाणाऱ्या पट्ट्यातली मुळं डीएचटीला भीकच घालत नाहीत. म्हणून सत्तरीच्या आजोबांकडे पण ती झालर शिल्लक असते. आणि तिथलं मूळ उचलून कपाळावर नेलं तरी ते आपला स्वभाव सोडत नाही, जित्याची खोड म्हणतात तशी.

आता ह्या खोडीची दुसरी बाजू, जी जाहिरातीत कोणी सांगत नाही. समजा सर्जनला जास्त ग्राफ्ट भरून द्यायचेत म्हणून त्याने त्या सुरक्षित पट्ट्याच्या वर, भोवऱ्याच्या जवळ, किंवा खाली अगदी मानेपर्यंत जाऊन मुळं काढली. ती मुळं पण आपला स्वभाव बरोबर घेऊन येतात! तिथे राहून चाळिशीत गळणार होती ती कपाळावर येऊनही चाळिशीत गळणार. पहिल्या वर्षाचा फोटो एकदम झकास येईल, डॉक्टर तो इन्स्टाग्रामवर टाकेल, आणि दहा वर्षांनी पुढचं गेलेलं आणि मागची भोकं तशीच.

सुरक्षित पट्टा ढोबळ मानाने २०० चौरस सेंटीमीटर धरा. केस सुटे उगवत नाहीत, एक ते चार केसांच्या झुपक्यांत उगवतात, त्या झुपक्याला फॉलिक्युलर युनिट म्हणतात आणि ग्राफ्ट म्हणजे असा एक झुपका. चौरस सेंटीमीटरला साधारण ७० झुपके धरले तर १४ हजार होतात. निम्म्याच्या वर काढले तर मागची बाजू कसर लागलेल्या शालीसारखी दिसते, म्हणून शहाणा सर्जन आयुष्यभरात ५-६ हजारांच्या पुढे सहसा जात नाही. आणि मामाच्या डोक्यासारखं पूर्ण टक्कल झाकायचं तर विरळ लावूनही ७-८ हजार लागतील. म्हणजे हिशोब जमतच नाही, आणि जमत नाही हे पहिल्या दिवशी माहीत असतं. २७व्या वर्षी ४५०० काढले तर पुढची चाळीस वर्षं पाचशे ते दीड हजारावर काढायची आहेत. ही एफडी एकदाच मोडता येते, परत भरता येत नाही, जे मूळ काढलं तिथे दुसरं उगवत नाही. "अनलिमिटेड" हा शब्द वाचून म्हणूनच मला हसू आलं, थाळी आहे का ती.

आता माझा आवडता भाग, आणि खरं तर सर्जन-सर्जनमधला फरक इथेच आहे.

आज बहुतेक ठिकाणी एफयूई करतात, म्हणजे मागची सलग पट्टी कापून न काढता एकेक झुपका बारीक नळीसारख्या पंचने काढतात. पंचचा व्यास ०.८ ते १ मिलीमीटर. झुपका कातडीत चार-पाच मिलीमीटर खोल असतो, आणि तो कसा असतो तर केरसुणीसारखा. वर मुठीशी आवळलेला, खाली शिरा फाकलेल्या. सर्जनला दिसते फक्त मूठ. नळी मुठीभोवती बसवून तो सरळ खाली गेला की फाकलेल्या शिरांमधली एखाद-दुसरी कापली जाणार, आणि कापलेल्या मुळातून केस येण्याची खात्री नाही. त्यात अजून एक गोम अशी की केस कातडीतून ज्या कोनात बाहेर पडतो त्याच कोनात तो आत गेलेला नसतो, आत गेल्यावर तो थोडा वळतो, कुरळ्या केसांचा तर जास्तच, म्हणजे बाहेरचं बघून आतला अंदाज करायचा. म्हणून चांगला माणूस पूर्ण खोल जातच नाही. झुपक्याला वरच्या भागात एक बारीक स्नायू चिकटलेला असतो, थंडीत अंगावर काटा येतो तो याच्यामुळेच, तेवढ्यापुरतं मोकळं करून तो थांबतो आणि उरलेलं चिमट्याने अलगद ओढून घेतो, शिरा आपोआप एकत्र येत बाहेर सरकतात. किती खोल जायचं हे डोक्याडोक्याला वेगळं, एकाच डोक्यात कानामागे वेगळं आणि मध्ये वेगळं. ते हाताला कळावं लागतं.

मग मोठा पंच घ्या ना? तर घेता येतो, शिरा वाचतात, पण भोकाचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गात वाढतं. ०.८ चं भोक अर्धा चौरस मिलीमीटर, १ चं जवळपास ०.७९, म्हणजे दीडपटीहून जास्त जखम आणि तेवढा मोठा पांढरा डाग. अशी तीन हजार भोकं. लहान पंच आणि कमी कापाकापी हे दोन्ही एकत्र जमणं म्हणजेच कौशल्य, आणि ह्याचा आकडा असतो, त्याला ट्रान्सेक्शन रेट म्हणतात. ३००० वेळा पंच मारला, झुपक्यात सरासरी २.२ केस धरले तर ६६०० केस. पाच टक्के कापले गेले तर ३३० गेले. वीस टक्के गेले तर १३२०. दोन्हीकडे बिलावर ३००० ग्राफ्टच लागणार! उलट वीस टक्केवाल्याकडे तीन केसांचा झुपका चिरून एक अधिक दोन झाला तर बिलावर आकडा वाढतो पण, केस तेवढेच. म्हणून ग्राफ्टचा रेट विचारून सर्जन निवडणं म्हणजे नगावर तांदूळ घेण्यासारखं आहे. विचारायचं असेल तर एककेशी किती, दोन-तीनकेशी किती निघाले हे विचारा.

(इथपर्यंत मामेभाऊ "हं हं" करत होता, नंतर कळलं फोन स्पीकरवर ठेवून जेवत होता.)

काढल्यानंतरचं कोकणातल्या वाचकाला सांगायची गरजच नाही. भाताचा तरवा काढून बांधावर उन्हात टाकून गप्पा मारत बसलं तर लावणीनंतर काय उगवणार. ग्राफ्टचं तेच, सुकला की गेला, म्हणून थंड सलाइनमध्ये ठेवतात आणि जितका वेळ बाहेर तितकं नुकसान. खोल खोचला तर कातडीत गाडला जातो, वर राहिला तर सुकतो, आणि कोन चुकला तर केस जगतो पण ब्रशसारखा उभा राहतो. आणि लावलेले केस दोन-चार आठवड्यांत गळतात, हे नॉर्मल आहे, मूळ आत असतं, तीन-चार महिन्यांनी नवा केस येतो, खरा रिझल्ट वर्षाने. तेव्हा तीन महिन्यांत फुल रिझल्ट म्हणणाऱ्याकडे पाठ फिरवा.

बाकी सफायर, डीएचआय, रोबोटिक, गोल्ड अमुक तमुक ही अवजारांची नावं आहेत. डीएचआय म्हणजे पेनसारख्या अवजाराने लावणं, चांगलं अवजार आहे, पण पेन कुठलं यावरून कोणाचं अक्षर सुधारलेलं मी बघितलेलं नाही. तसंच कांद्याचा रस. त्यावरचा जो छोटा अभ्यास सगळे फॉरवर्ड करतात तो चाईवर होता, तो आजारच वेगळा. हेल्मेटने टक्कल पडत नाही. टक्कल पडलं की पैसा येतो हे पण खोटं, मामा एसटीतून रिटायर झाला.

शनिवारी पहिल्या आणि तिसऱ्याकडे मी बरोबर गेलो. पहिल्या ठिकाणी ब्लेझरमधली एक काउन्सेलर, गोल लाइट, कॉफी. तिने पेन्सिलीने कपाळावर नवीन रेघ काढली ती इतकी खाली की पोरगं दहावीतलं दिसायला लागलं, आणि ते आरशात बघून खूश. डॉक्टर तीन मिनिटं आले, समोरून बघितलं, "एक्सलंट कँडिडेट" म्हणाले. मी विचारलं, सर पंच कोण मारणार? "आमची टीम खूप एक्सपिरियन्स्ड आहे." मी "कोण" असं विचारलं होतं.

तिसऱ्यांनी आधी खुर्चीच उलटी फिरवली. मोबाइलला लावायचं भिंग होतं, ते मागच्या केसांवर चार ठिकाणी ठेवून झुपके मोजले, जाड केसांत बारीक केस किती मिसळलेत ते बघितलं, कारण मागचा पट्टा पण काहींचा पातळ होत असतो आणि अशांचं ऑपरेशन करायचंच नसतं. मग म्हणाले वडिलांचा फोटो आहे का? फोटो बघून गप्प बसले. "बाळा, तुझं टक्कल अजून ठरलेलं नाही, मी आज पुढे भिंत बांधली आणि मागची जमीन सरकत गेली तर मध्ये बेट राहील." गोळी म्हणजे फिनास्टेराइड, ती डीएचटी बनवणारं एन्झाइमच अडवते. थोड्या लोकांना लैंगिक साइड इफेक्ट होतात, तेही त्यांनी स्वतःहून सांगितलं आणि काही वाटलं तर लगेच फोन कर म्हणाले. मी तोच प्रश्न विचारला. "पंच मी मारतो, केस बसवायच्या चिरा मी देतो, लावायला टेक्निशियन असतात, मी खोलीत असतो. कापले गेलेले पण मोजतो."

डॉक्टरने स्वतः करणं हा मोठेपणा नाही, तशा सूचनाच आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात हेअर ट्रान्सप्लांट त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीचं रीतसर शिक्षण घेतलेल्यांनी करायचं आहे, आणि यूट्यूब बघून शिकणं पुरेसं नाही हे चक्क लिहावं लागलंय. लिहावं का लागलं? भूल स्थानिक असली तरी ते औषधच आहे, लिग्नोकेनची अ‍ॅड्रिनलिनसकट कमाल मर्यादा किलोमागे ७ मिलीग्रॅमच्या आसपास, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ४९० मिलीग्रॅम, आणि एका दिवसात डोकं उरकायच्या नादात टोचत राहिलं तर ती ओलांडायला वेळ लागत नाही. २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा मॅरेथॉन ट्रान्सप्लांटनंतर मृत्यू झाला, २०२५ मध्ये कानपूरच्या दोन इंजिनिअरांच्या मृत्यूची प्रकरणं गाजली. रिअ‍ॅक्शन आली तर खोलीत काय आहे आणि जवळचा आयसीयू किती मिनिटांवर, हे विचारायला लाजू नका.

आणि फोटो मागा ते मागचे. वर्षभरानंतरचे, मागचे केस बारीक कापलेले, फ्लॅश न मारता. पुढचे फोटो सगळ्यांकडे चांगलेच असतात.

पोराने गोळी सुरू केलीय, पाच आठवडे झाले. परवा मामीचा फोन, जरा चिडलेलीच. "काय शिकवलंस रे त्याला? काल मुलगी बघायला गेलो तर हा सगळा वेळ तिच्या वडिलांच्या डोक्याची मागची बाजू बघत होता."