विकसकाचं मशीन एका फाइलमध्ये कसं आलं

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला स्वतःचं अख्खं मशीन हवं असतं, जे बिघडवलं तरी दुसऱ्याचं काम अडणार नाही. १९६०च्या दशकात एका माणसाला एक मेनफ्रेम, म्हणजे अख्ख्या संस्थेचा मोठा संगणक, देणं अशक्य होतं. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला आयबीएमचं संशोधन केंद्र होतं. तिथे रॉबर्ट क्रीझी आणि लेस कोमो यांनी १९६४च्या अखेरीस यावर तोड काढायला घेतली. सिस्टिम/३६० मॉडेल ४० या मशीनच्या हार्डवेअरमध्ये भर घालून त्यांच्या गटाने सीपी-४० ही प्रणाली उभारली. एकाच मेनफ्रेमवर एका वेळी १४ व्हर्च्युअल मशिनं (व्हीएम), म्हणजे सॉफ्टवेअरने उभी केलेली आणि खऱ्यासारखी वागणारी मशिनं, आणि प्रत्येकाला २५६ किलोबाइट मेमरी. आत बसून काम करायला सीएमएस नावाची, एकाच माणसासाठी बेतलेली ऑपरेटिंग सिस्टिम. पुढे सीपी-६७ आली आणि १९७२मध्ये व्हीएम/३७० ग्राहकांच्या हाती पडली.

या काळातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. सिस्टिम/३७० या आयबीएमच्या पुढच्या मेनफ्रेमचं व्हर्च्युअल मेमरीवालं (डिस्कची जोड देऊन मेमरी मोठी भासवणारं) हार्डवेअर अजून तयार व्हायचं होतं, तेव्हाच केंब्रिजच्या मंडळींनी सीपी-६७मध्ये त्याची हुबेहूब नक्कल केली आणि येऊ घातलेल्या मशीनसाठीचं सॉफ्टवेअर त्या नकलेवर चालवून पाहिलं. व्हर्च्युअल मशीन म्हटलं की आज सर्व्हर आणि क्लाउड आठवतात, पण विकसकाचं अवजार म्हणून त्याचा वापर पहिल्या पिढीपासूनचा आहे.

पीसीवर मात्र हे सहज जमेना. १९७४मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी अट मांडली होती: मशीनच्या मूळ स्थितीला हात घालणारी प्रत्येक सूचना सामान्य प्रोग्रामने दिली की प्रोसेसरने थांबून नियंत्रकाला, म्हणजे व्हर्च्युअल मशिनं सांभाळणाऱ्या प्रोग्रामला, कळवलं पाहिजे. पीसीतला इंटेलचा एक्स८६ प्रोसेसर इथे नापास होत होता. ‘पॉपएफ’ ही सूचना घ्या. सामान्य प्रोग्रामने तिच्यातून इंटरप्ट (चालू काम थांबवून प्रोसेसरचं लक्ष वेधणारे इशारे) बंद करायला सांगितलं, तर प्रोसेसर तेवढा भाग गुपचूप सोडून देतो आणि पुढे जातो. नियंत्रकाला पत्ताच लागत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ‘डिस्को’ या व्हर्च्युअल मशीनवरच्या प्रकल्पातली मेंडेल रोझेनब्लम, एद्वार बुन्यों, स्कॉट डिव्हाइन ही माणसं आणि त्यांच्यासोबत डायन ग्रीन व एलन वाँग यांनी १९९८मध्ये व्हीएमवेअर ही कंपनी काढली. अडचणीच्या सूचना चालत्या कोडमध्येच हेरून बदलायच्या, हा त्यांचा उपाय. १९९९मध्ये त्यांचं वर्कस्टेशन हे सॉफ्टवेअर बाजारात आलं आणि साध्या डेस्कटॉपवर विंडोजच्या आत लिनक्स चालू लागलं. इंटेलने २००५मध्ये व्हीटी-एक्स आणि एएमडीने २००६मध्ये एएमडी-व्ही आणून प्रोसेसरमध्येच दुरुस्ती केली. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन जो पर्याय चालू करावा लागतो, तो हाच. व्हर्च्युअल मशिनं चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरने तर ६.१ आवृत्तीपासून (डिसेंबर २०१९) त्याच्याविना चालणं बंदच केलं.

तोच व्हर्च्युअलबॉक्स जानेवारी २००७मध्ये इनोटेक या जर्मन कंपनीने मुक्त स्रोत म्हणून खुला केला होता. व्हीएम फुकट झालं, पण ते उभारायचं काम हातानेच करावं लागायचं: आयएसओ (ऑपरेटिंग सिस्टिमची डिस्क-फाइल) उतरवा, इन्स्टॉल करा, रॅम ठरवा, नेटवर्कचा प्रकार निवडा, डेटाबेस टाका. टीममधल्या दोघांची मशिनं महिन्याभरात वेगळी व्हायची आणि ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे उत्तर ऐकावं लागायचं. २०१०मध्ये मिचेल हाशिमोतो यांनी यावर व्हेग्रंट हे अवजार आणलं. कोणता बॉक्स (आधीच बांधून ठेवलेलं व्हीएम), किती मेमरी, यजमान म्हणजे खऱ्या मशीनचा कोणता पोर्ट (नेटवर्कचं दार) आतल्या कोणत्या पोर्टला जोडायचा, कोणतं फोल्डर दोन्हीकडे दिसावं, बूट झाल्यावर कोणती स्क्रिप्ट चालवावी, हे सगळं रुबी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या एका व्हेग्रंटफाइलमध्ये. ती कोडसोबत गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) राहते, तिच्यातला बदल सहकारी तपासू शकतो, आणि मशीन बिघडलं तर पुसून ‘व्हेग्रंट अप’ म्हणायचं. माझ्या मते या इतिहासातलं खरं वळण हेच. मशीन जपायची वस्तू राहिलं नाही, त्याचं वर्णन जपायचं झालं.

त्रास संपले असं नाही. व्हर्च्युअलबॉक्सचं शेअर्ड फोल्डर हजारो लहान फायली असलेल्या प्रकल्पात रखडतं, म्हणून एनएफएस या नेटवर्कवरून फायली वाटून घ्यायच्या पद्धतीचा आधार घेतला गेला. विंडोजवर हायपर-व्ही, म्हणजे मायक्रोसॉफ्टची स्वतःची व्हीएम चालवायची सोय, चालू असलं की व्हर्च्युअलबॉक्सची बरीच वर्षं अडचण व्हायची.

मार्च २०१३मध्ये डॉकर आलं आणि पूर्ण व्हीएमऐवजी कंटेनर, म्हणजे यजमानाचंच कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) वापरणारा प्रोग्रामचा वेगळा कप्पा, वापरायची सवय झपाट्याने पसरली. पण लिनक्सचा कंटेनर लिनक्सच्या कर्नलवरच चालतो. त्यामुळे मॅक आणि विंडोजवर डॉकरखाली एक छोटं व्हीएम असतंच. विंडोजमध्ये लिनक्स चालवायच्या, २०१९मध्ये जाहीर झालेल्या डब्ल्यूएसएल-२ या सोयीमध्येही हायपर-व्हीच्या तंत्रावर चालणारं खरं लिनक्स कर्नल आहे.

नोव्हेंबर २०२०मध्ये ॲपलने आर्म या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरचे, एम१ चिपचे मॅक आणले आणि इंटेलसाठी बांधून ठेवलेले बॉक्स त्यांच्यावर थेट चालेनात. रॅम आणि पोर्ट यांच्या जोडीला प्रोसेसर एक्स८६ की आर्म, हेही आता टीमला सेटअप लिहितानाच ठरवावं लागतं.