जॉर्जटाउन विद्यापीठ आणि १८३८ ची गुलामविक्री

जॉर्जटाउन हे अमेरिकेतील सर्वांत जुने कॅथलिक विद्यापीठ जॉन कॅरल यांनी १७८९ मध्ये स्थापन केले. ते आजच्या वॉशिंग्टन शहरात असून येशूसंघ, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंचा जो संघ सोळाव्या शतकापासून गोव्यातही कार्यरत होता तोच, ते चालवीत आला आहे. १८३८ मध्ये या संघाच्या मेरीलँड प्रांताने आपल्या मालकीची २७२ माणसे लुइझियानातील मळेवाल्यांना विकली आणि आलेल्या रकमेचा काही भाग त्या वेळच्या जॉर्जटाउन महाविद्यालयाचे कर्ज फेडण्यासाठी वापरला. या व्यवहाराचा शोध विद्यापीठाने २०१५ नंतर पद्धतशीरपणे घेतला. शिक्षणसंस्थांनी आपल्या गुलामगिरीशी असलेल्या संबंधांची चौकशी करण्याच्या प्रयत्नांत हे उदाहरण सर्वाधिक चर्चिले गेले. कारण येथे विकल्या गेलेल्या माणसांची नावे कागदावर होती आणि त्यांचे वंशज हयात होते.

मेरीलँडमधील जेझुइटांकडे वसाहतकाळापासून सेंट इनिगोज, न्यूटाउन, व्हाइट मार्श, सेंट टॉमस मॅनर इत्यादी ठिकाणी मोठे मळे होते. तेथे राबणारी कृष्णवर्णीय कुटुंबे संघाच्या मालकीची होती आणि धर्माने कॅथलिक होती. त्यांचे बाप्तिस्मे, विवाह व दफनविधी मालक असलेले धर्मगुरूच करीत. मळ्यांच्या उत्पन्नाचा आधार संघाच्या इतर कामांबरोबर महाविद्यालयालाही होता, शिवाय महाविद्यालयाच्या आवारातही गुलाम काम करीत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे मळे पुरेसे किफायतशीर राहिले नाहीत आणि त्यांचे काय करावे यावर संघात अनेक वर्षे वाद चालला. गुलामांना मुक्त करण्याचा पर्याय या वादात मांडला गेला होता, ही गोष्ट मुद्दाम नोंदवली पाहिजे. ‘त्या काळी सगळे असेच वागत’ हा बचाव तिथल्या तिथे कमकुवत होतो, कारण दुसरा मार्ग त्यांच्यासमोर होता आणि तो त्यांनी जाणूनबुजून सोडला.

महाविद्यालयाचे अध्यक्ष असताना टॉमस मलेडी यांनी इमारतींवर मोठा खर्च केला होता. पुढे संघाच्या मेरीलँड प्रांताचे प्रमुख झाल्यावर त्यांनी १९ जून १८३८ रोजी लुइझियानाचे माजी राज्यपाल हेन्री जॉन्सन आणि मळेवाले जेसी बेटी यांच्याशी करार केला. एकूण किंमत १,१५,००० डॉलर ठरली. पहिला हप्ता २५,००० डॉलरचा होता. त्यातील १७,००० डॉलर जॉर्जटाउनच्या कर्जापोटी गेले. उरलेली रक्कम काही वर्षांच्या मुदतीत यायची होती, मात्र जॉन्सन यांना ती ठरल्याप्रमाणे फेडता आली नाही.

रोममधील संघप्रमुख यान रोथान यांनी विक्रीला परवानगी देताना अटी घातल्या होत्या: कुटुंबांची ताटातूट होऊ नये, त्यांना धर्माचरण करता यावे आणि आलेला पैसा कर्जफेडीत किंवा चालू खर्चात न घालता गुंतवला जावा. या अटी पाळल्या गेल्या नाहीत. तक्रारी रोमपर्यंत पोहोचल्यावर मलेडी यांना पद सोडावे लागले. तरीही ते पुढे होली क्रॉस महाविद्यालयाचे पहिले अध्यक्ष झाले आणि १८४५ मध्ये पुन्हा जॉर्जटाउनच्या अध्यक्षपदी आले. परवानगी देणाऱ्यांनीही माणसे विकण्याला हरकत घेतली नव्हती; त्यांची हरकत विकण्याच्या रीतीला होती.

कराराचा मूळ कागद एखाद्या खरेदीखतासारखा कोरडा आहे. त्यात पहिले नाव आयझॅक, वय ६५; मग त्याचा थोरला मुलगा चार्ल्स, वय ४०; मग मुलगी नेली, वय ३८; आणि पुढे लहान मुलींची नावे व वये. तान्ह्या मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे याच पद्धतीने नोंदले आहेत. न्यूटाउन येथील धर्मगुरू पीटर हॅव्हरमन्स यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रोमला लिहिलेल्या पत्रात एका गरोदर स्त्रीची हकिकत आहे. ती निरोपाचा आशीर्वाद मागायला आली आणि गुडघे टेकून म्हणाली की, निराश होण्याचे कारण कोणाला असेल तर ते आज मलाच आहे. बाळंतपण वाटेत होईल की समुद्रावर हे मला ठाऊक नाही, माझ्या वाट्याला हे का यावे? धर्मगुरूंनी तिला देवावर भरवसा ठेवायला सांगितले. विकल्या गेलेल्यांच्या बाजूचे शब्द या व्यवहाराच्या कागदपत्रांत फार थोडे सापडतात, म्हणून या पत्राचे मोल मोठे आहे.

‘कॅथरिन जॅक्सन’ या जहाजाने त्यांपैकी अनेकांना अलेक्झांड्रिया बंदरातून न्यू ऑर्लिन्सला नेले. डिसेंबर १८३८ मध्ये ते तेथे पोहोचले. यादीतले सगळेच गेले नाहीत. काही पळून गेले, तर ज्यांचा नवरा किंवा बायको शेजारच्या दुसऱ्या मालकाकडे होती असे काही मेरीलँडमध्येच राहिले. त्यामुळे करारातली यादी आणि जहाजावरची यादी जुळत नाही, आणि संशोधकांचे बरेचसे काम या दोहोंच्या फरकातच अडकलेले आहे.

ही विक्री इतिहासकारांपासून कधीच लपलेली नव्हती. जेझुइटांची दप्तरे विद्यापीठाच्याच ग्रंथालयात होती आणि त्यांवर लेखनही झाले होते. ऑगस्ट २०१५ मध्ये मलेडी यांचे नाव असलेली इमारत नूतनीकरणानंतर पुन्हा वापरात आली, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्या नावालाच आक्षेप घेतला. अध्यक्ष जॉन डीजोया यांनी सप्टेंबरमध्ये एक कार्यगट नेमला. नोव्हेंबरमध्ये विद्यार्थ्यांच्या ठिय्या आंदोलनानंतर मलेडी आणि विक्रीत सहभागी असलेले विल्यम मॅकशेरी या दोघांचीही नावे इमारतींवरून काढण्यात आली. २०१७ पासून त्यांपैकी एका इमारतीला करारातील पहिल्या नावाचा मान राखून आयझॅक हॉकिन्स यांचे, तर दुसरीला १८२० च्या दशकात जॉर्जटाउनमध्ये कृष्णवर्णीय मुलींसाठी शाळा काढणाऱ्या ॲन मरी बेक्राफ्ट यांचे नाव आहे.

याच सुमारास रिचर्ड चेलिनी या माजी विद्यार्थ्याने विचारले की, विकल्या गेलेल्यांचे पुढे काय झाले? लुइझियानाच्या दलदलीत तापाने सगळे लवकरच मरून गेले, असे उत्तर त्यांना मिळाले. ते न पटल्यामुळे त्यांनी इतर माजी विद्यार्थ्यांकडून पैसे गोळा करून वंशावळीच्या अभ्यासकांना कामाला लावले आणि काही महिन्यांतच हयात वंशजांचा माग लागू लागला. धर्मगुरूंनी ठेवलेल्या बाप्तिस्मा-विवाहाच्या वह्या यासाठी निर्णायक ठरल्या, कारण लुइझियानात गेल्यावरही अनेक कुटुंबांनी कॅथलिक धर्म आणि आडनावे टिकवली होती. विक्रीच्या वेळी तेरा वर्षांचा असलेला कॉर्नेलियस हॉकिन्स मॅरिंग्विन या गावच्या कॅथलिक दफनभूमीत पुरला गेला, हे अशाच नोंदींवरून कळले. माझ्या मते संशोधनाला खरी कलाटणी येथे मिळाली. संस्थेने काय केले एवढ्यापुरता प्रश्न मर्यादित असता, तर अहवाल लिहून तो संपवता आला असता. माणसे कोण होती हे विचारल्याबरोबर उत्तर मागणारी कुटुंबे समोर उभी राहिली.

कार्यगटाचा अहवाल सप्टेंबर २०१६ मध्ये आला. वंशजांना प्रवेशात माजी विद्यार्थ्यांच्या मुलांइतकेच प्राधान्य देण्याचे विद्यापीठाने जाहीर केले, मूळ कागदपत्रांचा संग्रह सर्वांसाठी खुला केला आणि एप्रिल २०१७ मध्ये वंशजांच्या उपस्थितीत विद्यापीठाने व येशूसंघाने जाहीर क्षमा मागितली. एप्रिल २०१९ मध्ये विद्यार्थ्यांनी प्रत्येक सत्राला २७.२० डॉलर शुल्क वंशजांसाठी स्वतःवर लावून घेण्याचा ठराव सुमारे दोन तृतीयांश मतांनी मंजूर केला. विद्यापीठाने हे शुल्क लागू केले नाही. त्याऐवजी दरवर्षी सुमारे ४ लाख डॉलर देणग्यांतून उभारण्याचे ठरवले. हा बदल किरकोळ नाही. शुल्क हे देणे म्हणून भरले जाते, देणगी मात्र देणाऱ्याच्या मर्जीवर राहते, आणि वंशजांचा व विद्यार्थ्यांचा आग्रह देणे मान्य करण्याचा होता.

२०२१ मध्ये येशूसंघाने वंशजांसोबत एक प्रतिष्ठान स्थापून त्यासाठी १० कोटी डॉलर उभारण्याचे वचन दिले. निधी संथपणे जमत असल्याची नाराजी वंशजांच्या प्रतिनिधींनी उघडपणे व्यक्त केली. २०२३ मध्ये विद्यापीठाने या प्रतिष्ठानाला १ कोटी डॉलर दिले.